'घरचं पिल्लू' आहे म्हणतात, पण आहे का? टारंटुला घेण्याआधी वाचा

चोरलकाठ, इंदूर

भाच्याची दहावी झाली. मार्क चांगले पडले आणि बक्षीस म्हणून त्याला टारंटुला हवाय. रविवारी दादाकडे, लोकमान्य नगरला, पोह्यांच्या बशा हातात असतानाच त्यानं मोबाईल पुढे केला. कापसावर बसलेला करड्या-पांढऱ्या नक्षीचा कोळी. "आत्या, हा सीबी आहे हां. वाइल्ड-कॉट नाहीये, मी विचारून घेतलंय."

सीबी म्हणजे कॅप्टिव्ह-ब्रेड, माणसाकडे जन्मलेला. वाइल्ड-कॉट म्हणजे रानातून धरून आणलेला. त्याला वाटलं मी खूश होईन, कारण आठ पायांचं वेड घरात माझ्याकडूनच आलंय. मला घास गिळवेना. हेच वाक्य मी २०१६ मध्ये पुण्यात नोकरीला असताना ऐकलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला होता.

तेव्हा मी जी मादी घेतली ती पोइसिलोथेरिया रेगॅलिस. आपल्याच देशातली, झाडाच्या ढोलीत राहणारी. सालीवर बसली की शेजारून जाऊनही दिसत नाही. चिडली की पुढचे पाय वर करते, तेव्हा कुठे खालचा पिवळाधमक रंग दिसतो. विकणारा म्हणाला, "स्लिंगपासून मीच वाढवलीय, अडीच वर्षं झाली." स्लिंग म्हणजे पिल्लू. आली तेव्हा मागचा एक पाय अर्धा नव्हता. मी त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही.

मार्चमध्ये तिनं बांबूच्या नळीचं तोंड जाळ्यानं बंद केलं आणि खाणं सोडलं. मला वाटलं कात टाकणार. पंधरा दिवसांनी रात्री टॉर्च लावून फटीतून पाहिलं, तर पोटाखाली लिंबाएवढी पांढरट पिशवी धरून बसलेली. मधूनच ती पिशवी हळूच फिरवायची, पाळण्यातल्या बाळाची कूस बदलावी तशी. मे महिन्यात त्र्याऐंशी पिल्लं बाहेर आली. एकेक मोजली मी.

आता यातलं महत्त्वाचं. टारंटुलाची मादी मोठी झाल्यावरही कात टाकत राहते, आणि त्या कातीबरोबर नराचं वीर्य साठवायच्या पिशवीचं अस्तरही निघून जातं. म्हणजे अंडी फळायची तर शेवटच्या कातीनंतर तिला नर भेटलेला असायलाच हवा. माझ्याकडे आल्यापासून ती एकटीच होती. विकणाऱ्यानं मोठ्या तोंडानं सांगितलेलं की त्याच्याकडे नर कधी नव्हताच. मी फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, जंगलातून आली असेल, त्यात काय? पिल्लं फुकट मिळाली ना तुम्हाला."

वर्षाअखेरीस त्र्याऐंशीतली सतरा उरली होती. आई पुढच्याच कातीत अडकून गेली. आज त्या पिल्लांतली एक मादी माझ्याकडे आहे, नऊ वर्षांची. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत जन्मली. पण तिला सीबी म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण तिची आई कुठल्या तरी झाडाच्या ढोलीतून ओढून काढलेली होती. उद्या मी ही 'घरचं पिल्लू' म्हणून विकली असती, तर कुणी मला खोटं ठरवलं असतं?

भाच्याला नुसतं 'नको' म्हटलं तर तो माझ्या मागे घेईल. त्याला नीट समजावून सांगायचंय. पाळणारे, रानात फिरणारे, कायदा माहीत असलेले, सगळ्यांनी लिहा.

---

शेवग्याची शेंग, ग्वाल्हेर

मला कोळी बघूनच घाम फुटतो, तरी शेवटपर्यंत वाचलं. त्या पिशवीची कूस बदलण्याचं वाचून आत काहीतरी हललं. वाचतेय, लिहीत राहा.

---

सालपट, पुणे

ताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण त्यामुळे सीबी हा शब्दच खोटा ठरू नये म्हणून लिहितो. मी बारा वर्षं पाळतोय.

मेक्सिकोचा लाल गुडघ्यांचा टारंटुला सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो, ब्राकीपेल्मा. त्याची मादी वयात यायला सहा-सात वर्षं घेते आणि वीस वर्षांहून जास्त जगते. सत्तर-ऐंशीच्या दशकात ही पोत्यानं रानातून उपसली गेली. १९८५ मध्ये ती साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारात आली, म्हणजे देशाबाहेर न्यायची तर परवाना. तरीही ती दुकानांतून नाहीशी झाली नाही, कारण तोवर लोकांना तिची पैदास जमली होती. एका पिशवीतून शेकडो पिल्लं निघतात. पिल्लू स्वस्त मिळायला लागलं की रानात जाऊन खणण्यात पैसा राहत नाही.

आपला निळा मेटॅलिका घ्या, तोही पोइसिलोथेरियाच. १८९९ मध्ये पोकॉक या ब्रिटिश शास्त्रज्ञानं त्याचं वर्णन केलं ते आंध्रातल्या गुत्ती स्टेशनाजवळच्या लाकडाच्या वखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून. पुढे शंभर वर्षं कुणाला दिसला नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या मधल्या जंगलात पुन्हा सापडला. म्हणजे गुत्तीत तो राहतच नसावा, लाकडाबरोबर रेल्वेनं आला असावा. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे, राहण्याची जागा शंभर चौरस किलोमीटरहून कमी. आज युरोपातले हौशी लोक त्याची इतकी पैदास करतात की किंमत पहिल्यापेक्षा कितीतरी खाली आलीय. तिकडच्या माणसाला आता नंद्यालला यायची गरज उरलेली नाही. हे पाळणाऱ्यांनी केलंय, याची दखल घ्यावी.

---

चोरलकाठ, इंदूर

सालपट, दखल घेतली, मनापासून. लाल गुडघेवाल्याबद्दल तुमचं म्हणणं पटतं. मेटॅलिकाबद्दल मात्र एक विचारते. २००१ मध्ये सापडल्यावर काही वर्षांतच तो युरोपात विकायला होता. ते पहिले जोडपे कोणत्या परवान्यानं गेले? शंभर चौरस किलोमीटरच्या तुकड्यातून ते उचलले, तेव्हा किती ढोल्या रिकाम्या झाल्या असतील?

पोइसिलोथेरियाची ढोली म्हणजे एका कोळ्याची खोली नसते. एकाच झाडात आई आणि तिची पिल्लं बरेच दिवस एकत्र राहतात. ढोली फोडणारा एक कोळी नेत नाही, घर नेतो. आणि वयात आलेली मादी गेली की तिथली पुढची कितीतरी वर्षांची अंडी गेली. नराचं तसं नाही, तो वयात आल्यावर फार जगत नाही.

---

बांधावरचा, देवास

मी शेतकरी माणूस, पाळत वगैरे काही नाही. पण आमच्याकडे हे कोळी आहेत. झाडावरचे नाहीत, जमिनीत बीळ करणारे. काळ्या मातीत फारसे नाहीत, जिथं मुरूम लागतो त्या बांधांच्या उतारावर. तोंड रुपयाच्या नाण्याएवढं, कडेला रेशमाची गोल झालर, पहाटे दव पडलं की ती झालर चमकते. पावसाळ्यात रात्री नर हिंडतात, मादी शोधत. मग घरात शिरतात आणि लोक चपलेनं मारतात. विंचवासारखा समजून मारतात बिचाऱ्याला.

खरं सांगू, आमच्याकडे खरेदी-विक्रीवाल्यांपेक्षा जेसीबीनं जास्त मारले. गेल्या दहा वर्षांत शेतांचे प्लॉट पडले, बांध सपाट केले. एका बांधावर मी चौदा बिळं मोजली होती, तिथं आज कॉलनीची भिंत आहे. ती मादी जन्मभर त्याच बिळात राहते, तिला पळता येत नाही. बांध गेला की ती गेली.

तरी दोन वर्षांपूर्वी दोन पोरं बाईकवर आली, हातात प्लास्टिकचे डबे. 'काका, मकडा कुठे मिळेल?' मी हाकलून दिलं.

---

शेवग्याची शेंग, ग्वाल्हेर

बांधावरचे काका, नेमकं कुठलं गाव हो? आमचे एक नातेवाईक तिकडेच असतात, त्यांना दाखवायला सांगते.

---

बांधावरचा, देवास

ताई, राग मानू नका. गावाचं नाव लिहिणार नाही. इथं तुम्ही वाचता तसं ते डबेवालेही वाचतात.

---

सहावी खोली, इंदूर

काकांशी शंभर टक्के सहमत. मी प्राणिशास्त्र शिकवते, माझ्या मुलांना हेच सांगते. २०२२ मध्ये आठपायांच्या प्राण्यांच्या व्यापारावर एक मोठा अभ्यास छापून आला. इंटरनेटवरच्या विक्रीच्या पानांवरून आणि अमेरिकेच्या आयातीच्या नोंदींवरून १,२६४ प्रजाती व्यापारात सापडल्या, आणि नोंदींमधले ६७ टक्के प्राणी थेट रानातून आलेले. टारंटुलांच्या ज्ञात प्रजातींपैकी जवळजवळ निम्म्या विकल्या जात होत्या. २००० नंतर शोधलेल्या प्रजातींमध्येही चारात एक. म्हणजे शास्त्रज्ञानं नाव ठेवायचं आणि लगोलग कुणीतरी तिथं डबे घेऊन पोहोचायचं.

उलटंही होतं. मलेशियातल्या सारवाकचा निळ्या पायांचा टारंटुला, बिरुपेस, २०१९ मध्ये शास्त्रात आला तोच मुळी बेकायदा उचलून युरोपात नेलेल्या नमुन्यांवरून. त्यावर बरंच वादळ झालं. पण तोवर तो हौशी लोकांच्या काचेत पोहोचलेला होता.

या सगळ्या प्रजातींतल्या जेमतेम तीसच साइट्समध्ये होत्या, असं तोच अभ्यास सांगतो. बाकीच्यांना 'सीबी' म्हणायला कुणाचा कागद लागत नाही, विकणाऱ्याची जीभ पुरते.

---

शिक्का मोर्तब, वडोदरा

कायद्याचं थोडं. वकील आहे, पण हा सल्ला समजू नका, माहिती समजा.

चोरलकाठ ताईंनी २०१६ मध्ये घेतली तेव्हा रेगॅलिस साइट्समध्ये नव्हती. २०१९ च्या जिनिव्हाच्या बैठकीत अख्खी पोइसिलोथेरिया जातकुळी, म्हणजे तिच्यातल्या सगळ्या प्रजाती, साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आली, त्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून लागू. मग आपल्याकडे २०२२ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यात साइट्समधल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आली. त्या यादीतला जिवंत प्राणी कुणाकडे असेल तर त्यानं तो कळवायचा आणि नोंदवायचा. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी ही नोंदणी पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर ठेवली आणि आधीपासून असलेल्यांना सहा महिने दिले.

आता लोकांचा एक मोठा गैरसमज. 'सीबी आहे म्हणजे कायदेशीर आहे.' नाही. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या कस्टम्सनं पोलंडहून आलेलं एक पार्सल उघडलं. आत थर्मोकोलच्या डब्यात, चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या १०७ छोट्या कुप्या, प्रत्येकीत एक जिवंत टारंटुला. त्यांच्यात साइट्समधला ब्राकीपेल्माही होता. ना आयातीचा परवाना, ना आरोग्याचा दाखला. ते पार्सल परत पाठवायला लावलं. कापसातून पुन्हा तेवढाच प्रवास. त्यातले किती जगले असतील याचा विचार करवत नाही.

म्हणून ताई, भाच्याला दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला शिकवा. हा कुठे जन्मला, हा एक. आणि हा भारतात कसा आला, किंवा इथलाच असेल तर कुणी कुठून उचलला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर चांगलं असलं तरी दुसऱ्यात माणूस अडकतो.

---

चोरलकाठ, इंदूर

शिक्का मोर्तब, आभार. मी २०२४ मध्ये परिवेशवर माझ्या मादीची माहिती भरली. 'कुठून मिळाली' या जागेवर हात थांबला होता. शेवटी जे घडलं तेच लिहिलं.

---

सालपट, पुणे

दोन दिवस विचार केला आणि परत आलो. मान्य करतो की आम्ही पाळणारे एका शब्दावर फार सहज पुढे जातो. साइट्सच्या कागदांवर तरी फरक आहे: रानातल्याला डब्ल्यू, बंदिस्तात जन्मला पण बंदिस्त पैदाशीच्या सगळ्या अटी पुऱ्या होत नसतील, सहसा आईबाप रानातले असल्यामुळे, तर एफ, आणि त्या अटी पुऱ्या होत असतील तरच सी. ताईंची मादी म्हणजे एफ. आपल्या बाजारात एफचा सी कधी होतो ते कुणाला कळतही नाही. अंडी घातलेली मादी रानातून आणायची, आठवड्यात पिल्लं निघाली की 'सीबी स्लिंग, शंभर उपलब्ध'. हे मी पाहिलंय. गप्प बसलो, ही माझी चूक.

तर भाच्यासाठी, अनुभवावरून. खरं पैदास करणारा माणूस वयात आलेल्या माद्या विकत नाही, पिल्लं विकतो. मादी त्याचं भांडवल असते. हळू वाढणाऱ्या जातीची मोठी मादी कुणी स्वस्तात देत असेल तर ती त्यानं वाढवलेली नाही, कुठूनतरी आणलेली आहे. त्याला विचारायचं, पिशवी कोणत्या तारखेला पडली, पिल्लं कधी निघाली, आईची कात आहे का. पैदास करणारे काती जपून ठेवतात, मादी आहे की नर हे कातीवरूनच ओळखतात. ज्यानं खरंच रात्री जागून पिशवी सांभाळली त्याला तारीख तोंडपाठ असते. ताईंना आठ-नऊ वर्षांनीही मार्च आणि मे आठवतोय, बघा.

---

सहावी खोली, इंदूर

आरोग्याचंही बघा. रानातून आलेल्याच्या पोटात काय आहे ते बाहेरून कळत नाही. एक माशी असते, तिची अळी कोळ्याच्या श्वसनाच्या अवयवापाशी महिनोन्महिने, कधी वर्षंही दडून राहते आणि एक दिवस पोट फोडून बाहेर येते. तोंडात सूक्ष्म कृमी होतात, पांढरट चिकट थर दिसतो, मग कोळी खाऊ शकत नाही आणि हळूहळू उपाशी मरतो. सालपटांना चालेल ना, म्हणून हेही सांगते: २०२२ मध्ये वर्णन झालेला असा एक कृमी कॅलिफोर्नियातल्या एका पैदास करणाऱ्याच्याच कोळ्यांत सापडला. सीबी म्हणजे निरोगी, असंही धरून चालू नका.

आणि सोळा वर्षांच्या मुलाला पोइसिलोथेरिया तर अजिबात देऊ नका. विजेसारखे पळतात. चावल्यानं माणूस मरत नाही, पण स्नायूंना पेटके येतात आणि ते कित्येक दिवस राहू शकतात.

---

दहावीपास, इंदूर

नमस्कार, मी तो भाचा. आत्यानं हा धागा वाचायला दिला.

मी विक्रेत्याला सालपट काकांनी लिहिलेले तिन्ही प्रश्न पाठवले. त्यानं तारीख नाही सांगितली, फक्त "भाई ट्रस्ट करो" लिहिलं. आईचा फोटो मागितला तर एक फोटो पाठवला. मी तो गूगलवर शोधला, तो एका जर्मन पानावरचा निघाला. ते त्याला दाखवलं तर त्यानं ब्लॉक केलं. मी अजून पैसे दिले नव्हते.

मला एक विचारायचंय. मग मी टारंटुला बघणारच नाही का कधी?

---

बांधावरचा, देवास

बाळा, ये. पाऊस दोनदा चांगला पडू दे, मग आत्याला घेऊन ये. टॉर्चला लाल पन्नी लाव, पांढऱ्या उजेडाला आत पळतात. पायात बूट घाल, बांधावर सापही असतात. आणि काडी घालून उकरायचं नाही, हे आत्ताच ठरव.

---

चोरलकाठ, इंदूर

येतो काका. सोबत तुमच्यासाठी सराफ्यातून खायला काय आणू ते सांगा.

---

दहावीपास, इंदूर

काल गेलो होतो. साडेआठपासून बांधाच्या खाली उकिडवे बसलो होतो, मी, आत्या आणि काका. पाय मुंगीमुंगी झाले. सव्वानऊला झालरीच्या कडेशी आधी दोन पाय आले, मग अजून दोन. ते पाय कडेवर तसेच ठेवून ती थांबली. आत्या म्हणाली, ती पायांनी ऐकते, हलू नकोस. मग एक रातकिडा झालरीच्या बाजूनं चालत आला आणि मला काही दिसायच्या आत तो नव्हता. तीही नव्हती. नुसतं बिळाचं तोंड.

काका म्हणाले, ही मादी त्यांनी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी पहिलीत असेन.

परत येताना आत्यानं मला तिची रेगॅलिस सांभाळायला शिकवायचं कबूल केलंय. पाणी बदलणं आणि झुरळ टाकणं एवढंच, तेही लांब चिमट्यानं, ती समोर असताना.

बिळाचा फोटो टाकतोय. मागची भिंत आणि विजेचा खांब कापून काढलाय, लोकेशनही काढलंय. काकांनी दोनदा तपासलं.